तालीम मास्तर : गोविंद बल्लाळ देवल

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की आपल्याकडे मुलांच्या नाट्यशिबिराची चर्चा सुरू होते. पालक विचारतात, शिबिर किती दिवसांचे, वेळ काय, शेवटी नाटक बसवणार का? मुलांचा प्रश्न एकच असतो, मला कोणते काम मिळेल? शिकवणार कोण, हे फारसे कुणी विचारत नाही. त्यात मुलांचा दोष नाही. प्रेक्षकांनाही नट आठवतो, गाणे आठवते, फार तर नाटककाराचे नाव आठवते. ज्याने ती तालीम घेतली, तो मात्र प्रयोगाच्या वेळी विंगेतच उभा असतो आणि पुढेही बहुधा तिथेच राहतो.

मराठी रंगभूमीच्या इतिहासात असा एक विंगेतला माणूस होऊन गेला. नाटककार म्हणून त्यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. ‘शारदा’ आणि ‘संशयकल्लोळ’ ही नाटके आजही होतात. पण गोविंद बल्लाळ देवल यांच्या आयुष्याचा मोठा भाग गेला तो मुलांना आणि तरुणांना नाटक शिकवण्यात. त्यांच्या या शिकवण्याची सुरुवात झाली आपल्या बेळगावात, म्हणून बेळगावकरांनी तरी देवलांना नाटककाराच्या आधी मास्तर म्हणून ओळखायला हवे.

हरिपूर ते बेळगाव

देवलांचा जन्म १३ नोव्हेंबर १८५५ चा. घराणे कोकणातले, पण बालपण गेले सांगलीजवळच्या हरिपुरात. कृष्णा आणि वारणा यांच्या संगमावरचे हे गाव. सांगली तिथून हाकेच्या अंतरावर. याच सांगलीत देवलांच्या जन्माच्या बारा वर्षे आधी, १८४३ साली, विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ नाटक केले होते आणि तिथून मराठी नाटक मंडळ्या गावोगाव फिरू लागल्या होत्या. देवल लहानाचे मोठे झाले ते अशा या मुलखात.

भाव्यांच्या पद्धतीच्या नाटकांत पदे म्हणायची ती सूत्रधाराने. पात्रांनी आपापल्या प्रसंगाला साजेल असे बोलायचे, तेही बरेचसे ऐनवेळी सुचेल तसे. राक्षस आला की आरडाओरड, तलवारींचा खणखणाट आणि देवादिकांचे थाटामाटातले प्रवेश, असा तो खेळ असे. त्यासाठी आवाज आणि अंगात धमक लागे. तालीमही असे, पण प्रत्येक वाक्य, प्रत्येक शब्द ठरलेला आणि तो नटाने समजून म्हणायचा, ही गोष्ट अजून यायची होती.

पुढच्या शिक्षणासाठी देवल बेळगावला आले. इथल्या हायस्कूलमध्ये त्यांना एक शिक्षक लाभले, बळवंत पांडुरंग किर्लोस्कर, म्हणजेच अण्णासाहेब. अण्णासाहेब आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, जन्म १८४३ चा. घरात कानडी वळण, शिक्षण मराठी आणि संस्कृतचे, आणि लहानपणापासून नाटकाचे वेड. बेळगावात असताना त्यांनी हौशी मंडळी जमवून नाटके केली होती. अशा शिक्षकाच्या वर्गात देवलांसारखा मुलगा बसला, म्हणजे पुढचे सांगायला नकोच.

१८७९ साली देवल मॅट्रिक झाले. तेव्हा ते तेविशी-चोविशीत होते. त्या काळी मॅट्रिक होणे ही लहान गोष्ट नव्हती. कचेरीत कारकुनी मिळे, शाळेत मास्तरकी मिळे, घर मार्गी लागे. देवलांनी मास्तरकी पत्करली आणि ज्या शाळेत शिकले तिथेच शिकवू लागले. सगळे असेच चालले असते तर एक चांगले शिक्षक म्हणून ते निवृत्त झाले असते आणि त्यांच्या विद्यार्थ्यांपलीकडे कुणाला त्यांचे नावही ठाऊक झाले नसते.

गुरूंच्या मागोमाग

पण इकडे देवल मास्तर झाले आणि तिकडे त्यांच्या मास्तरांनी इतिहास घडवला. अण्णासाहेब तेव्हा पुण्यात सरकारी नोकरीत होते. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात त्यांच्या ‘शाकुंतला’च्या पहिल्या चार अंकांचा प्रयोग झाला. या प्रयोगात नट स्वतः गात होते. सूत्रधाराने सर्वांच्या वतीने गायची रीत मागे पडली. संवाद लिहिलेले होते, पदे कुठे यायची ते ठरलेले होते, आणि गाणे बोलण्याला धरून होते. दोन वर्षांनी, १८८२ साली, ‘सौभद्र’ आले आणि संगीत नाटकाने महाराष्ट्राला वेड लावले.

या बदलाचा एक परिणाम फारसा सांगितला जात नाही. जोवर नट सुचेल तसे बोलत होता, तोवर शिकवणाऱ्याचे काम मर्यादित होते. आता नटाला लिहिलेले गद्य पाठ हवे, ते अर्थासह म्हणता यायला हवे, बोलता बोलता सुरात जाता यायला हवे, आणि पद संपल्यावर पुन्हा प्रसंगात परतता यायला हवे. हे सगळे एका पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाकडून करून घ्यायचे, तर त्याला रोज घेऊन बसणारा माणूस हवा. नव्या नाटकाने नाटककाराइतकीच तालीम मास्तराचीही गरज निर्माण केली.

देवल अण्णासाहेबांच्या मंडळीत आले ते नट म्हणून आणि त्यांचे साहाय्यक म्हणून. नट म्हणून त्यांचे फार मोठे नाव झाले नाही. पण तालीम घेताना शाळेतला मास्तर उपयोगी पडू लागला. संस्कृत येत होते, इंग्रजी येत होते, आणि मुलाला एखादी गोष्ट समजेपर्यंत पुन्हा पुन्हा सांगण्याची सवय होती.

शाळा सोडून नाटकात जाणे त्या काळात किती अवघड होते, याची आज कल्पना येणे कठीण आहे. नाटक पाहायला सगळे जात, पण नाटकवाल्याला मुलगी द्यायला कुणी तयार नसे. मुलगा नाटकात गेला म्हणजे वाया गेला, असे साध्या घरांतून म्हटले जाई. शिकल्या-सवरलेल्या माणसाने तिकडे जाणे तर आणखीच वाईट. अण्णासाहेबांसारख्या, देवलांसारख्या सुशिक्षितांनी हा पेशा पत्करला तेव्हा हळूहळू लोकांची नजर बदलली. त्याची किंमत मात्र पहिल्या पिढीने मोजली.

२ नोव्हेंबर १८८५ रोजी अण्णासाहेब गेले, वयाच्या अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी. त्यांचे ‘रामराज्यवियोग’ अपुरेच राहिले. देवल तिशीत पोचले होते. गुरू गेले, पण त्यांनी सुरू केलेले काम तिथेच थांबू द्यायचे नाही, हे जणू देवलांनी मनाशी ठरवले. ते पुण्यात आर्योद्धारक नाटक मंडळीत तालमी घेऊ लागले. ही मंडळी गद्य नाटके करणारी, शेक्सपिअरची रूपांतरे रंगभूमीवर आणणारी. म्हणजे संगीत नाटकात वाढलेल्या देवलांनी बिनगाण्याचे नाटकही शिकवले. नुसत्या बोलण्यावर प्रसंग उभा करायचा कसा, ही कसोटी त्यांनी इथे पाहिली, आणि पुढे त्यांच्या संगीत नाटकांतले गद्यही इतके खणखणीत राहिले त्याचे कारण इथे सापडते.

मंडळीतली मुले

त्या काळची नाटक मंडळी म्हणजे चालते-फिरते घरच असे. एका गावात मुक्काम पडला की बिऱ्हाड मांडले जाई. आचारी, पडदे ओढणारे, कपडेपट सांभाळणारे, सारंगी-तबल्याचे साजिंदे, मोठे नट आणि त्यांच्याबरोबर आठ-दहा वर्षांपासून सतरा-अठरा वर्षांपर्यंतची मुले. बाया रंगभूमीवर येत नसत, म्हणून स्त्रियांची कामे याच मुलांकडे असत. आवाज गोड, नाकीडोळी नीटस आणि पाठांतर पक्के, असा मुलगा दिसला की मंडळीचे मालक त्याच्या घरी निरोप पाठवत.

अनेक मुले गरिबीमुळे आली. दोन वेळचे जेवण मिळे, चार पैसे घरी जात, गाणे शिकायला मिळे. काही घरातून पळून आली. आई-वडील दूर, शाळा सुटलेली, रात्रभर चालणारे प्रयोग, दिवसा झोप आणि पुन्हा तालीम. आवाज फुटायच्या वयात तर प्रत्येक मुलाच्या पोटात गोळा येई, कारण आवाज गेला की नायिकेचे काम गेले. काही पुढे पुरुषांची कामे करू लागले, काही मागच्या रांगेत गेले, काही घरी परतले आणि त्यांचे पुढे काय झाले, ते कुणी लिहून ठेवले नाही.

म्हणून जुन्या नाटक मंडळ्यांचे कौतुक करताना ही बाजूही लक्षात ठेवावी. ते प्रशिक्षण होते तसेच ते मुलांचे कामही होते. चांगल्या मंडळ्यांना याची थोडी जाणीव होती. किर्लोस्कर मंडळीत मुलांना लिहायला-वाचायला शिकवण्यासाठी शिक्षक ठेवला जाई, आणि पुढे मोठे नाटककार झालेले राम गणेश गडकरी तरुणपणी हेच काम करत होते. मुलाला नक्कल पाठ करायला द्यायची तर त्याला अक्षर वाचता आले पाहिजे, हा त्यातला व्यवहार. पण अक्षराबरोबर बरेच काही येते.

नक्कल म्हणजे त्या त्या पात्राची भाषणे आणि पदे उतरवून काढलेली वही. प्रत्येकाला फक्त आपलीच नक्कल मिळे. समोरचा काय बोलणार, हे तालमीतच कळे. अशा वेळी ज्याच्या डोक्यात सगळे नाटक आहे असा एकच माणूस तालमीत असतो, आणि तो म्हणजे तालीम मास्तर. कोण कुठून येतो, का येतो, त्याच्या मनात काय आहे, हे त्याने सांगायचे आणि मुलाने त्यात आपली वाक्ये बसवायची.

देवलांच्या तालमीचे वैशिष्ट्य म्हणून त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांनी आणि जाणकारांनी जे मानले ते हे, की त्यांना अभिनय सहज हवा असे. अर्थ कळल्याशिवाय शब्द उच्चारायचा नाही. पद हे गाणे असले तरी आधी ते बोलणे आहे, म्हणून शब्द स्पष्ट लागला पाहिजे. हातवारे कमी, पण जे करायचे ते नेमके. वरवर पाहता हे नियम साधे आहेत. पण ध्वनिक्षेपक नसलेल्या नाट्यगृहात, शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवत, तरीही सहज बोलायचे, हे किती अवघड, ते ज्याने कधी रंगमंचावर पाऊल टाकले असेल त्यालाच कळेल.

तोंडात बसेल अशी भाषा

देवलांनी एकूण सात नाटके लिहिली आणि त्यांतली सहा दुसऱ्या नाटकांवरून किंवा कथांवरून घेतलेली. शूद्रकाचे ‘मृच्छकटिक’ आणि कालिदासाचे ‘विक्रमोर्वशीय’ संस्कृतातून आले. ‘शापसंभ्रमा’ची कथा बाणभट्टाच्या ‘कादंबरी’तली. ‘दुर्गा’ एका जुन्या इंग्रजी शोकनाट्यावरून, ‘झुंझारराव’ शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’वरून, आणि ‘संशयकल्लोळ’ आर्थर मर्फी या इंग्रजी लेखकाच्या एका प्रहसनावरून, ज्याची मुळे आणखी मागे, मोलिएरपर्यंत जातात.

इतकी रूपांतरे पाहून देवलांना स्वतःचे काही सुचत नव्हते, असे कुणाला वाटेल. पण तालीम मास्तराच्या बाजूने पाहिले तर वेगळेच चित्र दिसते. मंडळीला नाटके हवी होती, नटांना नवी आव्हाने हवी होती, आणि जगातली उत्तम नाटके कशी रचली आहेत हे मुलांच्या अंगी उतरवायचे तर ती मराठीत बोलता आली पाहिजेत. देवलांनी ती नुसती भाषांतरित केली नाहीत. त्यांनी ती मराठी घरात आणून बसवली. ‘झुंझारराव’ वाचताना व्हेनिस आठवत नाही. ‘संशयकल्लोळा’तला फाल्गुनराव आणि त्याची कृत्तिका हे जोडपे तर आपल्या शेजारच्या वाड्यातले वाटते.

पदांचेही तसेच. देवलांची पदे सोपी आहेत. जात्यावर, अंगणात, देवघरात जे शब्द ऐकू येतात तेच शब्द त्यांत आहेत, आणि चालीही बहुधा कानांना ओळखीच्या. समोरच्या मुलाला कोणता शब्द अडेल, कुठे श्वास तुटेल, कुठे तो गाण्याच्या नादात अर्थ विसरेल, हे रोज तालमीत पाहणाऱ्या माणसाने ती लिहिली आहेत. म्हणून ती एकदा कानी पडली की राहतात.

‘शारदा’

देवलांचे एकमेव स्वतंत्र नाटक म्हणजे ‘शारदा’. १८९९ च्या जानेवारीत किर्लोस्कर मंडळीने त्याचा पहिला प्रयोग इंदूरला केला. आज इंदूरला राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी अभिमानाने सांगावी अशी ही गोष्ट आहे.

कथा थोडक्यात अशी. कांचनभट नावाचा लोभी बाप पैशांसाठी आपली कोवळ्या वयाची मुलगी शारदा एका सत्तरी ओलांडलेल्या श्रीमंत म्हाताऱ्याला, भुजंगनाथाला, द्यायला निघतो. भद्रेश्वर दीक्षित हा मध्यस्थ दोन्हीकडून आपला फायदा पाहतो. आई इंदिराकाकू तळमळते, पण तिचे काही चालत नाही. कोदंड नावाचा तरुण हे लग्न मोडण्यासाठी धडपडतो आणि कोंडला जातो. अखेर ऐन मांडवात वधूवर सगोत्र असल्याचे उघड होते आणि लग्न थांबते. अर्ध्यावर मोडलेल्या लग्नाची मुलगी म्हणून शारदा जीव द्यायला जाते. कोदंड तिला वाचवतो आणि पुढे तिचा स्वीकार करतो.

हे नाटक आले तेव्हा विषय ऐरणीवर होता. १८९१ साली संमतिवयाचा कायदा होऊन आठ वर्षे झाली होती आणि त्यावरून पुण्यात उठलेले वादळ पुरते शमले नव्हते. लेख, व्याख्याने, प्रतिव्याख्याने सर्व होऊन गेले होते. पण त्या सगळ्या वादात एक आवाज नव्हता, ज्या मुलीचे लग्न लागायचे तिचा. देवलांनी तो आवाज रंगभूमीवर आणला. शारदा आणि तिच्या मैत्रिणी एकमेकींशी बोलतात ते प्रवेश पाहिले, की भाषणांनी जे झाले नाही ते चार मुलींच्या गप्पांनी कसे झाले, ते कळते.

आता तालमीच्या बाजूने पाहा. ही शारदा, ही तिची मैत्रीण वल्लरी, या सगळ्या मुली रंगमंचावर मुलगेच होते. बारा-पंधरा वर्षांच्या मुलांना, विकल्या जाणाऱ्या मुलीच्या मनात काय चालले असेल, हे शिकवायचे होते. लुगडे नेसायला शिकवणे सोपे. मान कशी झुकवायची, पाऊल कसे टाकायचे, हेही जमेल. पण ज्याच्या घरी कदाचित अशीच एखादी बहीण होती, तिच्याविषयी ज्याने कधी विचारही केला नव्हता, त्या मुलाला तिच्या जागी उभे करणे, ही तालीम वेगळी. प्रेक्षकांत बसलेल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावला तो त्या मुलांच्या कामामुळे, आणि ते काम शिकवून घेतलेले होते.

पहिल्या प्रयोगात कोदंडाची भूमिका भाऊराव कोल्हटकरांनी केली. हे भाऊराव बडोद्याचे. १८८२ साली ते अण्णासाहेबांच्या मंडळीत आले आणि शकुंतला, सुभद्रा अशा नायिका करून त्यांनी महाराष्ट्राला आपल्या आवाजाने वश केले. वय वाढल्यावर ते पुरुषांच्या भूमिकांकडे वळले. नायिका करणारा नट नायिकेला वाचवणाऱ्या तरुणाच्या भूमिकेत उभा राहिला, यात त्या काळच्या नटाच्या आयुष्याची सगळी वाटचाल आली. दोनच वर्षांनी, १९०१ साली, भाऊराव गेले.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. १९२९ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा आपल्याकडे शारदा कायदा म्हणून ओळखला जातो आणि हे नाव देवलांच्या नाटकावरून पडले असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात ते नाव विधेयक मांडणारे अजमेरचे हरबिलास सारडा यांच्यावरून पडले. त्या कायद्याने मुलीचे लग्नाचे किमान वय १४ आणि मुलाचे १८ ठरवले. नाव देवलांच्या नायिकेचे नसले तरी मराठी घरांतून तो कायदा लोकांना आपला वाटला, त्याला तीस वर्षे गावोगाव झालेले ‘शारदे’चे प्रयोग काही अंशी कारण असणारच.

नारायण राजहंस नावाचा मुलगा

भाऊराव गेल्यावर किर्लोस्कर मंडळीला तशी नायिका मिळेना. १९०५ साली मिरजेच्या मुक्कामी मंडळीत एक सतरा वर्षांचा मुलगा आला, नारायण श्रीपाद राजहंस. गळा असा की ऐकणारा थबकावा. बालगंधर्व हे नाव तोवर त्याला मिळाले होते. पण एका कानाने ऐकू कमी येत होते, त्यावर मिरजेच्या मिशन इस्पितळात उपचार झाले, आणि नाटकाचा अनुभव तर जवळजवळ नव्हताच.

या मुलाला देवलांच्या हाती देण्यात आले. देवल तेव्हा पन्नाशीचे होते. पहिली भूमिका ठरली शकुंतलेची, म्हणजे देवलांच्या स्वतःच्या गुरूंच्या नाटकातली. पंचवीस वर्षांपूर्वी ज्या नाटकाने सगळे सुरू झाले, तेच नाटक आता देवल पुढच्या पिढीच्या हाती देत होते. गाणे मुलाकडे होतेच. त्याला बोलणे, बसणे, लाजणे, रुसणे, थांबणे शिकवायचे होते. गवयाला नट करायचे होते.

पुढे बालगंधर्वांनी मराठी रंगभूमीवर जे राज्य केले ते सर्वांना माहीत आहे. त्यांचे चालणे पाहून बायका चालायला शिकल्या, त्यांच्या लुगड्यांची आणि दागिन्यांची घरोघर नक्कल झाली. गाण्याच्या बाबतीत त्यांचे गुरू भास्करबुवा बखले, तसे अभिनयाच्या बाबतीत देवल. बालगंधर्वांनी हे ऋण नेहमीच मानले. गणपतराव बोडसांसारख्या कसलेल्या नटावरही देवलांच्या शिकवणीचा संस्कार होता.

१९१३ साली बालगंधर्व, बोडस आणि गोविंदराव टेंबे किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. बडोद्याच्या गायकवाड दरबाराचा आश्रय तिला लाभला. देवलांनी ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ हे आपले जुने गद्य प्रहसन पुन्हा हाती घेतले, त्यात पदे घातली, आणि ‘संगीत संशयकल्लोळ’ तयार झाले. रेवती बालगंधर्वांची, फाल्गुनराव बोडसांचा. शिष्यांच्या गळ्याची आणि जिभेची नस न् नस ज्याला ठाऊक, त्याने ते लिहिले होते.

पण तो प्रयोग पाहणे देवलांच्या नशिबी नव्हते. १४ जून १९१६ रोजी वयाच्या साठाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. ‘संशयकल्लोळ’ रंगभूमीवर आले ते त्याच वर्षी, त्यांच्या मागे. शंभरहून अधिक वर्षे झाली, ते नाटक अजून हसवते आहे.

आपल्यासाठी

अण्णासाहेबांनी बेळगावच्या वर्गात देवलांना शिकवले. देवलांनी मिरजेच्या मुक्कामी बालगंधर्वांना शिकवले. मधल्या माणसाचे नाव वगळले तर ही साखळी तुटते.

आपण महाराष्ट्राच्या सीमेवर राहणारी माणसे. आपली मुले शाळेत इंग्रजी बोलतात, रस्त्यावर कानडी आणि हिंदी, घरी मराठी, तीही अर्धी-मुर्धी. यात वाईट काही नाही. अण्णासाहेबांच्या घरीही कानडी होतीच, त्यांचे मराठी नाटक त्याने उणे झाले नाही. पण मुलांना मराठी नुसती कळणे वेगळे आणि ती त्यांच्या तोंडात बसणे वेगळे. दोन महिने एखादे नाटक तालमीत घोळवले, प्रत्येक वाक्याचा अर्थ विचारून घेतला, न आणि ण यांतला फरक जिभेवर आणला, की जे होते ते शिकवणीच्या वर्गात होत नाही. पालकांनी शिबिराकडे पाहावे ते या दृष्टीने. शेवटच्या दिवशी आपल्या मुलाला मोठे काम मिळाले की दोनच वाक्ये मिळाली, याचा फार विचार करू नये. देवल स्वतः कधी मोठे नट झाले नाहीत.

आज मुलीचे काम मुलगीच करते, मुलांना घर आणि शाळा सोडावी लागत नाही, आवाज फुटला म्हणून कुणी परत पाठवत नाही. देवलांच्या काळातल्या मुलांना जे मिळाले नाही ते आपल्या मुलांना सहज मिळते आहे. त्या मुलांना जे मिळाले, म्हणजे रोज समोर बसून समजेपर्यंत सांगणारा मास्तर, ते मात्र सहज मिळत नाही. त्यासाठी आपल्यातल्याच कुणीतरी संध्याकाळचे दोन तास द्यावे लागतात. गावोगावच्या मराठी मंडळांत असे लोक आहेत, शिक्षक, बँकेतले निवृत्त कर्मचारी, गृहिणी. ते सतरंजी घालतात, मुलांची हजेरी घेतात, वह्या तपासतात आणि प्रयोगाच्या रात्री विंगेत उभे राहतात.

यंदा आपल्या मुलांचे नाटक पाहायला याल तेव्हा टाळ्या वाजवून झाल्यावर क्षणभर त्या विंगेकडेही पाहा. बेळगावच्या एका शाळेतला मास्तर एकेकाळी तिथेच उभा होता.